आई पुढे बसली की वायपर चालायचा

माझा भाचा कुरकुंभला एका कंपनीत शिफ्टवर जातो. परवा त्याने मला त्याच्या नव्या गाडीतून दौंडला नेलं. वाटेत चार थेंब पडले आणि कुणी बटणाला हात न लावता समोरचा वायपर आपला आपण हलला. भाचा माझ्याकडे बघून म्हणाला, "आत्या, बघितलंस का? काच भिजली की ह्याला आपोआप कळतं." मी म्हटलं, "त्यात काय एवढं? आमच्या जीपचाही आपोआप चालायचा. फक्त तुझी आजी पुढे बसायला लागायची." त्याने गाडी हळू केली आणि मला पाणी हवंय का असं विचारलं. आत्याचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याला वाटलं असणार. म्हणून म्हटलं, हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, विजेचा धडा तर दरवर्षी शिकवला. पण ज्या पावसाळ्यात मला वीज म्हणजे काय ते कळलं, त्याबद्दल वर्गात कधी एक अक्षर बोलले नाही.

आम्ही न्हावऱ्याचे. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, न्हावरे ते दौंड अशी जीप चालवायचे. एसटी होती, पण ती तिच्या मर्जीने यायची. आप्पांची जीप मात्र सकाळी ठरल्या वेळी पारापाशी उभी असायची आणि हॉर्न असा लांबवर वाजायचा की आमच्या गोठ्यातल्या म्हशीसुद्धा माना वर करायच्या. जीप जुनी होती. सरकारी लिलावातून आणलेली. तिची पुढची काच एका लोखंडी चौकटीत बसवलेली होती आणि ती चौकट खाली बिजागऱ्यांवर अशी टेकवलेली, की मनात आलं तर पुढे बॉनेटवर पाडता यावी. वायपरची मोटर त्याच चौकटीवर, आप्पांच्या कपाळासमोर. चौकट आणि खालचा डॅशबोर्ड यांच्यामध्ये बारीकशी फट होती, तिच्यात रबराची पट्टी. ही फट लक्षात ठेवा. मी त्या वर्षी अकरावीला, दौंडला कॉलेजात होते. रोज त्याच जीपमध्ये मागे, दुधाच्या कॅनांच्या आणि कांद्याच्या पिशव्यांच्या मधे बसून मी जायचे. पुढची जागा बाजीआबांची. बाजीआबा म्हणजे गावातलं वजनदार म्हातारं माणूस. ते पुढे बसले की जीप सुटायची, त्याआधी नाही.

आता आईबद्दल. आईचं माहेर दौंडचंच, रेल्वे क्वार्टरमधलं. तिचे वडील, तात्या, सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे मदतनीस होते. ते रिटायर झाल्यावर मामाही रेल्वेत लागला, म्हणून क्वार्टर तसंच राहिलं. आप्पांची जीप दिवसातून दोनदा त्या क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर उभी राहायची आणि आई तीन वर्षं तिथे गेली नव्हती. कारण सांगितलं तर हसाल. मामाच्या लग्नात जावयाचा मान म्हणून आप्पांना टॉवेल-टोपी दिली, आणि गडबडीत कुणीतरी तात्यांच्या ट्रंकेतला जो टॉवेल उचलला त्याच्या कोपऱ्यावर रेल्वेचा शिक्का होता. तो शिक्का बाजीआबांनी भर मांडवात मोठ्याने वाचला. आप्पांनी टॉवेल तिथेच ठेवला आणि घरी येऊन जाहीर केलं, "त्या दारात मी पाय ठेवणार न्हाई, आन् तूबी न्हाई."   आईने चूल पेटवली आणि भाकरी टाकायला घेतली. मला तेव्हा वाटायचं, माझ्या आईला कशाचंच काही वाटत नाही. घरातल्या माणसाला आपण रोज किती चुकीचं बघत असतो!

आदल्या वर्षी खंडेनवमीला आप्पांनी जीप रंगवून घेतली होती. हत्यारं-अवजारं पुजायच्या दिवशी आपली लक्ष्मी जुन्या कपड्यांत नको म्हणून रंगाऱ्याकडून काच उतरवून, कोपरान् कोपरा, तीन हात रंग. रबरही नवं. जीप अशी झळकली की आप्पा महिनाभर फेरी संपली की तिला लांबून बघत उभे राहायचे. त्यानंतर पाऊस पडलाच नाही, आमच्याकडे तो असाही बेताचाच. पुढच्या जूनमध्ये वळवाची पहिली सर रस्त्यात आडवी आली, आप्पांनी वायपरचं बटण दाबलं, आणि काही नाही. रंगाचा आणि वायपरचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

मग सुरू झाला तो छळ. आप्पांनी आधी फ्यूज बदलला. मग बटण बदललं. मग शिरूरच्या मिस्त्रीने मोटर खोलली, आतले कार्बन बदलले आणि मोटर बाहेरच बॅटरीला जोडून दाखवली. भिंगरीसारखी पळाली. गाडीत बसवली की ढिम्म. परत काढली, पळाली. परत बसवली, ढिम्म. मिस्त्री शेवटी म्हणाला, "मोटर चांगली हाय, गाडी चांगली हाय, दोघांचं जमत न्हाई." आप्पांना हे निदान इतकं पटलं की घरी येऊन त्यांनी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. आई भांडी घासत होती. ती म्हणाली, "व्हय, असतं तसं." तोवर पावसात गाडी चालवायची म्हणजे बाजीआबा आपल्या चंचीतली तंबाखू काचेवर चोळायचे, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने न साचता सरळ खाली ओघळतं. तंबाखू संपली तर अर्धा कांदा. कांदा चोळला की काच बरी दिसायची पण मागच्या आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. दौंडला उतरताना आम्ही कुणाला तरी पोचवून आल्यासारखे दिसायचो.

श्रावणात एक दिवस मामाचा निरोप आला, तात्या न्हाणीत घसरून पडले. हाड मोडलं नव्हतं, पण उठवत नव्हतं. आप्पा म्हशीला वैरण टाकत राहिले. मग म्हणाले, "जा म्हणावं. बघून यावं. माझं काय न्हाई." ते आईशीच बोलत होते, पण बघत होते म्हशीकडे. आई माझ्याबरोबर मागे बसून दौंडला गेली, तात्यांना भेटली आणि चार वाजता स्टेशनबाहेर जीपपाशी येऊन उभी राहिली. बाजीआबा त्या दिवशी लेकीकडे मुक्कामाला राहिले होते. आभाळ भरून आलं होतं आणि पुढच्या सीटवर बाजूने पाणी यायचं, म्हणून तिथे बसायला कुणी तयार होईना. आप्पा वैतागून आईला म्हणाले, "बस पुढं." लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर आई पहिल्यांदा जीपमध्ये पुढे बसली.

भीमेच्या पुलावर पावसाने गाठलं. आप्पांनी सवयीने बटण दाबलं, सवयीने शिवी दिली, आणि कांदा शोधायला खाली हात घातला. रस्ता खड्ड्यांचा, आईचा अंबाडा सुटला होता, ती दोन्ही हात वर करून केस सारखे करत होती. आणि एकदम वायपर हलला. थांबला. परत हलला. मग नीट चालायला लागला, खाट-खूट, खाट-खूट, एका लयीत.  मी उभी राहून दोन डोक्यांमधून बघितलं. काचेवर दोन स्वच्छ कमानी उमटल्या होत्या आणि त्यांतून पूल, नदी, पलीकडचा ऊस, सगळं धुतल्यासारखं दिसत होतं. मागची एक बाई हात जोडून म्हणाली, "वैनी बसल्या आन् गाडीत जीव आला गं बाई!" आप्पांनी आईकडे असं बघितलं, जसं मी त्यांना कधीच बघताना पाहिलं नव्हतं. आई समोर बघत होती. आमच्या फाट्यावर ती उतरली, आणि वायपर थांबला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्यांच्या परीने पडताळा घेतला. आज मी त्याला प्रयोग म्हणेन. मला पुढे बसवून बटण दाबलं, नाही चालला. बाजीआबांना बसवलं, नाही. काकीला, म्हणजे माझ्या चुलतीला, नवं लुगडं नेसवून बसवलं, तरी नाही. काकी त्यानंतर आठ दिवस आप्पांशी बोलली नाही. पुढच्या पावसाच्या दिवशी आप्पा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "येतीस का गं? आभाळ हाय." आई म्हणाली, "कामं पडल्यात." आप्पा म्हणाले, "काकी करंल." आई हात धुऊन आली, पुढे बसली, पाऊस आला, वायपर चालला. गावात बोलबाला झाला. बाजीआबांनी आपली जागा आपण होऊन सोडली. म्हणाले, "पुण्याईपुढं वय कसलं बघायचं!" आणि मागे कांद्याच्या पोत्यावर जाऊन बसले.

मी अकरावीच्या भौतिकशास्त्राचं पुस्तक कोळून प्यायले होते. सर्किट पूर्ण झाल्याशिवाय करंट वाहत नाही हे मला ठाऊक होतं. पण त्या जीपमध्ये आईच्या मागे बसून ती खाट-खूट ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, हे खरं सांगते. पुस्तक एका बाजूला आणि माझी आई एका बाजूला. मी आईच्या बाजूने होते.

त्या वर्षी सगळ्या गावाला पाऊस हवा होता, बाजरीसाठी, कांद्याच्या रोपासाठी. पण आईएवढा कुणालाच हवा नसेल. पहाटे शेण काढताना ती थांबून पश्चिमेकडे बघायची. ढग दिसला की हुलग्याचं पीठ काढायची. तात्यांना हुलग्याची शेंगोळी फार आवडायची. ती पीठ मळून लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात हातावर वळून सोडायची, आणि झाकण बसलं की डबा फडक्यात बांधून तयार. आप्पा "आभाळ हाय" म्हणायला येईपर्यंत ती तोंडावर पाणी मारून बसलेली असायची, आणि तरी दरवेळी म्हणायची, "कामं पडल्यात." दौंडला पोचल्यावर आप्पा जीपपाशीच थांबायचे, शपथ होती ना. आई तडक क्वार्टरला. कॉलेज सुटलं की मीही तिथे जायचे. एका खोलीत पलंग, वर आढ्याला लटकवलेला जुना सिग्नलचा कंदील, आणि बाहेर दिवसभर डबे जोडल्या-सोडल्याचे दणके. प्रत्येक दणक्याला फळीवरचे पितळी गडवे किणकिणायचे. तात्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. नुसत्या आवाजावर ते सांगायचे, ही मनमाडकडची, ही सोलापूरची, हिचा एक डबा रिकामा हाय. आई त्यांना शेंगोळी भरवायची आणि ते मला सांगायचे, "शालू, तुझी आई एवढीशी हुती तवा माझी भाकरी घेऊन केबिनला यायची. बॅटऱ्यांच्या खोलीतून हलायची न्हाई. सिग्नलची दांडी कशी पडती, का पडती, इच्चारून जीव खायची." आई म्हणायची, "गप खावा तात्या." आणि हसायची. आईला दात दाखवून हसताना मी त्या खोलीतच पहिल्यांदा बघितलं.

दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मला दिसल्या नाहीत. एक, आईच्या उजव्या हाताच्या बोटाला सारखा चटका बसलेला असायचा. विचारलं तर म्हणायची, तव्याचा. दुसरी, तिचे अंबाड्याचे आकडे सारखे काळे पडायचे, वाकायचे, हरवायचे. आकडे म्हणजे ते लोखंडी, दोन पायांचे, अंबाड्यात खोचायचे. दर फेरीला ती स्टेशनबाहेरून आकड्यांचा नवा पुडा घ्यायची. आता हे वाचताना तुम्हाला उमगलंही असेल. पण मी हुशार होते ना, मला नाही उमगलं.

भाद्रपद लागला तशी आप्पांची चेष्टा वाढली. दौंडच्या स्टँडवरचे बाकीचे जीपवाले विचारायचे, "काय, आज देवी आल्यात का?" एकाने तर, पंक्चर काढायला वहिनींना पाठवता का, असं विचारलं. आप्पांना हसू यायचं बंद झालं. एके दिवशी सकाळभर पाऊस होता. आम्ही दौंडला पोचायच्या जरा आधी तो उघडला आणि आप्पांनी बटण बंद केलं. स्टेशनबाहेर मामा उभाच होता, तोंड उतरलेलं. तात्यांनी रात्रीपासून काही घेतलं नव्हतं. आई डबा उचलून तशीच पळाली. मामा आप्पांकडे बघत क्षणभर थांबला, आप्पांनी मान फिरवली, मग तोही गेला. मीही आईच्या मागे निघाले तर आप्पा म्हणाले, "तू बस. सायमनकडं जाऊ. आज ह्याचा निकालच लावू."

सायमन मिस्त्री म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन. दौंडच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले. चर्चच्या अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये ते गाड्यांची वायरिंग करायचे. उंच, बारीक, गळ्यात काळ्या दोऱ्यात चष्मा. आप्पांनी त्यांना सगळी कथा सांगितली, फ्यूज, बटण, शिरूरचा मिस्त्री, आणि मग जरा घसा खाकरून, "आमचं कुटुंब पुढं बसलं तरच चालतोय बघा." सायमनकाका हसले नाहीत. त्यांनी आत वाकून बटण दाबलं. वायपर चालायला लागला.

आप्पा दोन पावलं मागे सरले. सीट रिकामी होती. खाट-खूट, खाट-खूट. "आवो पण... ती तर बसलेली न्हाई!"

"वहिनी कुठं हायत?"

"क्वार्टरला."

"मग गावात हायत तवर चालत असंल," सायमनकाका म्हणाले. आणि देवाशप्पथ सांगते, आप्पांनी मान डोलावली.

सायमनकाकांनी चष्मा लावला. डॅशबोर्डवरून हात फिरवत फिरवत त्या फटीपाशी आणला. मी त्यांच्या कोपराशेजारी उभी होते. रबराच्या पट्टीत, चौकट आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये, ताठ खोचलेला मला दिसला, आईच्या अंबाड्याचा आकडा. एक पाय चौकटीला, एक पाय डॅशबोर्डाला. जिथे रुतला होता तिथला रंग खरवडलेला, आणि टोकं काळी. घाईत काढायचा राहिला होता.

एका क्षणात मला सगळं दिसलं. ती सुटलेला अंबाडा, तो बोटाचा चटका, ते आकड्यांचे पुडे.  अकरावी सायन्सला वर्गात पहिली असलेली मी महिनाभर तिच्या मागे बसले होते आणि तिच्या पुण्याईने माझ्या अंगावर काटे येत होते, आणि ही चौथीपर्यंत शिकलेली बाई समोर बसून दर पावसात सर्किट पूर्ण करत होती! आमच्याकडे शेतातली मोटर चालवायला लोक लाइटीच्या तारेवर चोरून वायर अडकवतात, त्याला आकडा टाकणे म्हणतात. आईने टाकलेला तो आकडा. तीन वर्षं तुटलेल्या माहेराला तिने तो टाकला होता. हे मला आज सुचतं. तेव्हा माझ्या तोंडात फक्त बरोबर उत्तर आलं, परीक्षेत यावं तसं. आणि मूर्खासारखी मी ते द्यायला निघाले. "आप्पा, हे बघा, हा आईचा..."

"पोरी, गप. आवाज ऐकू दे मोटरचा," सायमनकाका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मी गप्प झाले. त्यांनी दोन बोटांनी आकडा ओढला. वायपर थांबला. आकडा त्यांच्या मुठीत. मग त्यांनी दोन वायरी लावलेला एक लहान बल्ब आणला. एक वायर मोटरला येणाऱ्या तारेला धरली, दुसरी जीपच्या अंगाला. बल्ब लागला. दुसरी वायर काचेच्या चौकटीला धरली. बल्ब विझला. त्यांना जे कळायचं ते कळलं.  मूठ मिटूनच त्यांनी विचारलं, "वहिनी कुणाच्या म्हणालात?"

"सिग्नलचे तात्या खलाशी."

"तात्यांच्या?" सायमनकाका बॉनेटला टेकले. "आम्ही बारा वर्षं एका लायनीवर काम केलं. तब्येत कशी हाय त्यांची?"

"बरी न्हाई म्हणत्यात."

"म्हणत्यात? तुम्ही न्हाई गेला?"

आप्पा स्टिअरिंगवरची धूळ पुसायला लागले. तिथे धूळ नव्हती. सायमनकाका म्हणाले, "आप्पा, तुमच्या गाडीला अर्थ न्हाई."

आप्पा भडकले. "का? रोज माणसं पोचवती, दूध पोचवती, आन् तिला अर्थ न्हाई?"

"बॅटरीचा अर्थ हो, अर्थिंग. चौकटीला करंट जातोय, पण रंगानं आन् नव्या रबरानं त्याची परतीची वाट बंद झाली. करंट नुसता येऊन चालत न्हाई. त्याला माघारी जायाला वाट लागती. न्हाईतर सगळं चांगलं असून काय चालत न्हाई." हे बोलताना ते आप्पांकडे नाही, मिटल्या मुठीकडे बघत होते.

"मग करा की वाट."

आणि इथे सायमन मिस्त्री, ज्यांच्या कामावर सगळं दौंड डोळे मिटून विश्वास ठेवायचं, खोटं बोलले. वीतभर वायरचं, पाच मिनिटांचं काम होतं ते. ते म्हणाले, "सगळी काच उतरवावी लागंल. रंग खरवडायचा, वाळवायचा. पावसाळी हवेत न्हाई होणार. दसऱ्याला या."

"तवर?"

"तवर वहिनींना पुढं बसू द्या."

निघताना त्यांनी माझ्या हातावर आकडा ठेवला आणि आप्पांदेखत म्हणाले, "पोरी, हे तुझं पडलं." तो अजून कोमट होता.

क्वार्टरच्या पायरीवर मी तो आईपुढे धरला. मला खूप काही बोलायचं होतं. आईने आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सापडला व्हय," म्हणाली, आणि अंबाड्यात खोचून आत तात्यांना पाणी पाजायला गेली. त्या दिवसापासून जीपमध्ये पाऊस आला की मी मुद्दाम मागच्या बायकांना काहीतरी विचारायचे, म्हणजे पुढे कुणाचं लक्ष जाऊ नये.

तात्या आश्विनात गेले. परतीचा पाऊस चालू होता, म्हणून आई त्यांच्या उशाशी होती. मला कुणी विचारलं की माझ्या आईने आयुष्यात काय केलं, तर मी हे एक वाक्य सांगते. आप्पांना स्टँडवर निरोप कळला आणि ते शपथ-बिपथ विसरून धावत क्वार्टरमध्ये शिरले. त्यांनी खांदा दिला. नदीवर अंघोळ झाल्यावर मामाने त्यांच्यापुढे नवा टॉवेल धरला. आप्पा म्हणाले, "त्यो न्हाई. शिक्क्याचा हाय का अजून?" तो होता. तीन वर्षं घडी घालून ट्रंकेत ठेवलेला होता.

तेराव्यानंतर आम्ही तिघं घरी निघालो; धाकटा भाऊ काकीपाशी गावातच होता. ऊन कडक पडलं होतं, वर निळं आभाळ, आणि आप्पांच्या खांद्यावर तो टॉवेल. आई पुढे बसली होती, सवयीने. पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "आवो, गाडी थांबवा जरा."

आप्पांनी थांबवली.

"वायपरचं बटण लावा."

"पाऊस कुठं हाय?"

"लावा तर."

आप्पांनी लावलं. काही हललं नाही. आईने अंबाड्यातून आकडा काढला, सावकाश, आप्पांना दिसेल असा धरला, आणि फटीत खोचला. कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरला. काढला, थांबला. खोचला, फिरला. तिसऱ्यांदा काढून तिने तो हातात धरला. "पहिल्या दिवशी केस सावरताना ठेवायला जागा न्हाई म्हणून हितं खोचला. चालला. काढला तर थांबला. तवाच कळलं मला."

मागे बसलेली मी सीटची कड घट्ट धरली. माझ्या वडिलांचा राग मी पाहिला होता. आप्पांनी त्या काळ्या टोकांच्या आकड्याकडे बघितलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आन् पाऊसकाळ सरल्यावर काय करणार हुतीस?"

आई म्हणाली, "हॉर्न बंद पडला असता."

आप्पांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. हसत होते. मग खरंच रडायला लागले, आणि तात्यांच्या टॉवेलने तोंड पुसत राहिले.  मी आज तिच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे, तरी तिच्याइतकं धीराचं आणि हुशार माणूस मला भेटलेलं नाही. तिला मी तसं कधी सांगितलं नाही, हीच काय ती रुखरुख.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायमनकाकांनी चौकटीपासून बॉडीपर्यंत वायर टाकली. पाच मिनिटं लागली. आता वायपर कुणीही बसलं तरी चालणार होता. त्याच्या पुढच्या सकाळी जीप नेहमीसारखी पारापाशी न थांबता आमच्या दारात आली. बाजीआबा वाटेत चढले होते, ते उठून त्यांच्या जुन्या जागेकडे निघाले. आप्पा टॉवेलने पुढची सीट पुसत होते. म्हणाले, "आबा, आज मागंच बसा. हितं माणूस यायचं हाय."

बाजीआबांनी मान वर करून चारी दिशांना बघितलं. "आरं, ढग कुठं हाय?"

"ढग न्हाई," आप्पा म्हणाले, आणि म्हशी माना वर करतील असा हॉर्न दिला.

आई शेणाच्या हातांनी गोठ्याच्या दारात आली. "आता कुणाकडं जाऊ मी?"

"कुणाकडं न्हाई. नुसती जाऊन ये," आप्पा म्हणाले.

 यावेळी ती कामं पडल्यात असं म्हणाली नाही. आत गेली, हात धुतले, नव्या पुड्यातले सगळे आकडे अंबाड्यात घट्ट लावले, आणि येऊन पुढे बसली.